सिअ‍ॅटल मरिनर्स २०२५: आठ आऊट कमी पडले. आता २०२६चं काय?

लेक_वॉशिंग्टनकर

नोव्हेंबर २०२५. आपला बेसबॉल संघ मरिनर्स टोरांटोत अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना हरला, त्याला महिना होत आला. इतके दिवस धागा काढला नाही, कारण काढला असता तर त्यात शिव्यांशिवाय काही आलं नसतं. आता एमव्हीपीचं (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) मतदान झालं, आपल्या जॉश नेलरचा पाच वर्षांचा करारही झाला. डोकं जरा थंड आहे, म्हणून लिहायला बसलो. इथे सिअ‍ॅटल परिसरातली बरीच मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी. बाहेरच्यांनीही घालावी, टोरांटोवाल्यांनी जरा बेतानं.

आधी हिशेब. ९० विजय, ७२ पराभव. अमेरिकन लीग वेस्टचं (पाच संघांच्या गटाचं) विजेतेपद, तेही २००१नंतर पहिल्यांदा. २००१ साली ११६ सामने जिंकून यांकीजकडून मार खाल्लेला तो संघ ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की चोवीस वर्षं म्हणजे काय. मधे सलग वीस सीझन प्लेऑफचं (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचं) तोंड दिसलं नव्हतं, ते २०२२मध्ये दिसलं. आणि मेजर लीगच्या तीस संघांपैकी आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) न खेळलेला संघ एकच, तो आपला. १९७७पासून.

सीझन दोन तुकड्यांत बघावा लागतो. पहिले पाच महिने हा संघ धड चांगला नव्हता, धड वाईटही नव्हता. सगळी भिस्त ज्या पिचिंगवर (चेंडू टाकणाऱ्यांवर) होती तेच आजारी. कर्बीचा खांदा, गिल्बर्टचं कोपर, ब्राइस मिलरचं कोपर. वर्षभर न कुरकुरता उभा राहिला तो ब्रायन वू, आणि नेमका सप्टेंबरात त्याच्याही छातीचा स्नायू दुखावला. जुलैच्या शेवटी संघबांधणी बघणाऱ्या डिपोटोंनी अ‍ॅरिझोनाहून आधी नेलर आणि आठवड्याभरात युहेनिओ सुआरेझ आणला. तरीही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण ७३–६८ होतो आणि लोक फुटबॉलकडे वळायला लागले होते.

तिथून पुढच्या अठरापैकी सतरा जिंकले. ह्यूस्टनमध्ये जाऊन अ‍ॅस्ट्रोजना तिन्ही सामन्यांत लोळवलं. २४ सप्टेंबरला घरच्या मैदानावर रॉकीजविरुद्ध डिव्हिजन जिंकलं आणि त्याच रात्री आपला कॅचर (विकेटकीपरसारखा) कॅल रॅली यानं ५९वा आणि ६०वा होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला. कॅचरनं ६०! याआधी कॅचरचा विक्रम साल्वादोर पेरेझचा ४८ होता. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४, तो १९६१पासूनचा. मरिनर्सकडून आपल्या ग्रिफीचा ५६. एका उन्हाळ्यात तिन्ही गेले.

आता माझं म्हणणं, जे बऱ्याच जणांना पटणार नाही. सगळे सातव्या सामन्यातला टोरांटोच्या स्प्रिंगरचा होमरन आणि आपला मॅनेजर डॅन विल्सन याचा त्याआधी बझार्डोला पिचिंगला आणण्याचा निर्णय धरून बसलेत. पण टोरांटोत पहिले दोन सामने ३–१ आणि १०–३ असे जिंकून आपण घरी आलो होतो. घरी तीन सामने होते, त्यातले दोन हवे होते. पहिला १३–४ हरलो, दुसरा ८–२. मालिका तिथे गेली. सातव्या सामन्याची वेळच यायला नको होती.

पुढच्या वर्षाबद्दल सविस्तर खाली लिहितो, आधी तुमचं येऊ द्या.

वऱ्हाडी_ठसका

काका, तुमचं सगळं मान्य. पण मले एकच सांगा राजेहो, आपला क्लोजर (शेवटी येऊन सामना राखणारा पिचर) मुन्योज होता त त्याले काहून नाही आणलं? ३८ सेव्ह (राखलेले सामने) केलेला माणूस बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागी) बसून आहे, सातवी इनिंग, दोन जण बेसवर, समोर स्प्रिंगर. अन् तुम्ही बझार्डोले बोलावता. रात्रभर झोप नाही आली मले.

कडक_चहा

आला का परत मुन्योज. मी मोजत बसणार आहे या धाग्यावर किती वेळा येतो ते.

पर्वतीकर

पुण्यातून वाचतोय. भाचा तिकडे रेडमंडला आहे, ऑक्टोबरात त्याचे स्टेटस बघून काळजीच वाटायला लागली होती. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर हसू नका. ९० जिंकले आणि ७२ हरले म्हणजे चांगलं की बरं? आणि एवढे १६२ सामने खेळून शेवटी सगळं एका सामन्यावर कसं येतं?

आकडेबाज

@पर्वतीकर, अजिबात हसत नाही, प्रश्न मुद्द्याचाच आहे. बेसबॉलमध्ये भलाभला संघही साठ-सत्तर सामने हरतो. ९० म्हणजे उत्तम, पण अचाट नाही. तीस संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन डिव्हिजन. डिव्हिजन जिंकणाऱ्यांतल्या वरच्या दोघांना पहिली फेरी माफ. आपण त्या विजेत्यांत दुसरे होतो, म्हणून थेट पाच सामन्यांच्या मालिकेत गेलो (डेट्रॉइट), मग सातच्या (टोरांटो).

आता काका, तुमच्या मुद्द्याला माझी पुरवणी. किंवा विरोध म्हणा. टोरांटोनं ९४ सामने जिंकले होते, आपण ९०. म्हणून सहावा-सातवा सामना त्यांच्या घरी झाला. आपलं घरचं खातं ५१–३०, बाहेरचं ३९–४२. म्हणजे बाहेरगावी आपण वर्षभर पराभवाकडेच झुकलेला संघ होतो. मालिका ऑक्टोबरात गेली नाही, ती मे-जून-ऑगस्टमध्ये परगावी हकनाक घालवलेल्या सामन्यांत गेली. आणि शेवटचा आठवडा आठवा: डिव्हिजन जिंकल्यावर डॉजर्सनी घरी येऊन तिन्ही सामने नेले. तेव्हा सगळे म्हणाले, जाऊ दे, आता काय फरक पडतो.

लेक_वॉशिंग्टनकर

@आकडेबाज, डॉजर्सविरुद्धचे तीन मी सोडून देईन, खेळाडूंना विश्रांती हवीच होती आणि ते तिन्ही जिंकूनही ९३च होतात. पण बाहेरगावचं खातं बरोबर आहे. टी-मोबाइल पार्कची हवा थंड आणि जड, चेंडू जात नाही, आपल्या पिचरांना ते मानवतं. बाहेर गेलं की तेच पिचर साधे वाटतात. ऑक्टोबरात मात्र उलटंच झालं. तिसऱ्या सामन्यात आपल्या हुलिओनं पहिल्याच इनिंगमध्ये दोन रनचा होमरन मारला, स्टेडियम हलत होतं, आणि तिसऱ्या इनिंगपासून कर्बी फुटला. चौथ्यात त्यांचा ४१ वर्षांचा पिचर शेर्झर. मॅनेजर त्याला काढायला आला तर त्यालाच माउंडवर ओरडून परत पाठवला म्हाताऱ्यानं. त्या क्षणी मला कळलं की आज काही खरं नाही.

मेधा_बेलव्ह्यू

तुम्ही लोक थेट दुःखावर आलात. डेट्रॉइटच्या पाचव्या सामन्याबद्दल कोणीच बोलत नाहीये? १० ऑक्टोबर, पंधरा इनिंग, जवळजवळ पाच तास! मेजर लीगच्या इतिहासात हरणारा थेट घरी जाणार असा इतका लांबलेला सामना झाला नव्हता. आम्ही सगळे स्टेडियममध्ये होतो, मुलं शाळेतून थेट आलेली. डेट्रॉइटचा पिचर स्कूबल यानं तेरा जणांना स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलं तेव्हा मुलगा रडकुंडीला आला होता. मग लिओ रिवासनं सातव्या इनिंगमध्ये बरोबरी करून दिली, त्याचा वाढदिवस होता त्या दिवशी. गिल्बर्ट आणि कास्टिओ, दोघे नेहमीचे सुरुवातीचे पिचर, बुलपेनमधून धावत आले. आणि शेवटी पोलॅन्को.

शिवाय त्या रात्री हंपी जिंकला!! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या मैदानावर मधल्या वेळात सामन मासे बनलेली माणसं शर्यत लावतात. हंपी नावाचा मासा कधीच जिंकत नाही, तेच त्याचं काम. त्या रात्री ज्यादा इनिंगमध्ये तो पहिल्यांदा जिंकला आणि थोड्याच वेळात पोलॅन्कोचा फटका. आमच्या सासूबाई टीव्हीवर बघत होत्या, त्या म्हणाल्या, "हा माशाचाच गुण."

कडक_चहा

पंधरा इनिंग. पाच तास. स्कोअर ३–२. आणि लोक कसोटी क्रिकेटला कंटाळवाणं म्हणतात.

आकडेबाज

@कडक_चहा, स्कूबल हा सध्याचा बहुधा सर्वोत्तम पिचर आहे. त्याच्याविरुद्ध धावा होत नाहीत हेच तर बघायला लोक येतात. पाचव्या दिवशी फिरणाऱ्या खेळपट्टीवर नववी विकेट टिकून राहते तेव्हा तुम्हाला धावा हव्या असतात का?

कडक_चहा

हां. हे पटलं. पुढे बोला.

टोरांटोचा_तात्या

नमस्कार मंडळी. बेतानं लिहितो, काकांनी आधीच तंबी दिली आहे.

आम्हीही हरलोच हो शेवटी. डॉजर्सविरुद्ध सातवा सामना, घरी, अकरा इनिंग. त्यामुळे मीठ चोळायला आलेलो नाही. फक्त एक आठवण. पाचव्या सामन्यात तुमच्या वूचा चेंडू स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला, माणूस जमिनीवर पडला होता, आणि तुमच्या स्टेडियममध्ये लोकांनी हुर्यो उडवली. तो लंगडत बाहेर गेला. तीन दिवसांनी सातव्या सामन्यात वूनंच दोन जण बेसवर सोडले, आणि बॅट घेऊन आला कोण? मी नास्तिक आहे, पण त्या रात्री जरा डळमळलो.

लेक_वॉशिंग्टनकर

तात्या, ते चुकलंच, मला लाज वाटली होती. पण हुर्यो स्प्रिंगर टोरांटोचा म्हणून नव्हती, तो २०१७च्या अ‍ॅस्ट्रोजचा म्हणून होती. कचऱ्याचे डबे बडवून पिचरच्या खुणा फोडणारी ती टोळी. इकडच्या लोकांनी ते विसरायचं ठरवलेलंच नाही.

वऱ्हाडी_ठसका

पण मुन्योज...

आकडेबाज

ठीक आहे, एकदा सोडवूनच टाकू.

२० ऑक्टोबर, आपण ३–१नं पुढे. हुलिओचा होमरन, रॅलीचा होमरन. कर्बीनंतर वू आला, दोन इनिंग झकास. सातव्यात बार्जरला चार बॉल (म्हणजे फुकट बेस), कायनर-फलेफाचा सिंगल, हिमेनेझनं बंट करून दोघांना पुढे सरकवलं. एक आऊट. आठ आऊट आणखी मिळाले की वर्ल्ड सिरीज. विल्सननं बझार्डोला आणलं. त्याचं म्हणणं असं की वर्षभर अशा मधल्या अडचणीतून बझार्डोनंच बाहेर काढलं. ते खरं आहे, वर्षभर तो भरवशाचाच होता. त्याच्या सिंकरवर चेंडू जमिनीवर जातो आणि तिथे जमिनीवरचाच चेंडू हवा होता.

तरीही मी मुन्योजला आणलं असतं. कारण साधं: सामन्यातला सर्वांत अवघड क्षण सातव्यात आला तर सर्वोत्तम माणूस सातव्यात हवा. नवव्यासाठी राखून ठेवलेला क्लोजर नववी बरोबरीत किंवा पिछाडीत आली तर काय लोणच्याला घालायचा? मॅनेजर म्हणून विल्सनचं हे पहिलंच पूर्ण वर्ष होतं, ऑगस्ट २०२४मध्ये आधीचे मॅनेजर सर्व्हिस यांना काढल्यावर तो आला. शिकेल. पण काकांचं मूळ म्हणणं मला अर्धंच पटतं. सहावा सामना विसरू नका: सलग तीन इनिंगमध्ये डबल प्ले (एका चेंडूत दोन आऊट), त्यातले दोन बेसेस भरलेल्या असताना. समोर येसावेज, सप्टेंबरात मेजर लीगमध्ये आलेला पोरगा. तिथे एक फटका बसला असता तर हा वाद झालाच नसता.

वऱ्हाडी_ठसका

हे झालं बोलणं! आता झोपतो.

मेधा_बेलव्ह्यू

आणि शेवटचा आऊट हुलिओ, स्ट्राइकआऊट. तो किती वेळ डगआऊटच्या कठड्यावर हात ठेवून समोरचा जल्लोष बघत होता. काही जण त्याच्यावर घसरले, मला ते अजिबात आवडलं नाही. ३२ होमरन, ३० स्टील (चोरलेले बेस), सेंटर फील्डमध्ये त्याच्या तोडीचे बोटांवर मोजण्याइतके. त्याची सुरुवात दरवर्षी मंद असते हे खरं. पण मे महिन्यातल्या हुलिओला शिव्या देणारे ऑगस्टमधल्या हुलिओचे टी-शर्ट घालून फिरतात.

पर्वतीकर

त्या रॅलीला एमव्हीपी का नाही मिळालं? ६० होमरन म्हणजे गंमत आहे का?

आकडेबाज

अ‍ॅरन जज. न्यूयॉर्क यांकीजचा, .३३१ सरासरी आणि ५३ होमरन. रॅलीची सरासरी .२४७. पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३, म्हणजे अगदी थोडक्यात गेलं. नुसती बॅट बघितली तर जज, त्यात मला शंका नाही. पण कॅचरला रोज दीडशे चेंडू गुडघे मोडून झेलायचे असतात, पिचर सांभाळायचे असतात, ते करून ६०. मी मत रॅलीला दिलं असतं. मी सिअ‍ॅटलचा आहे हेही खरं.

मेधा_बेलव्ह्यू

जुलैतली रॅलीची होमरन डर्बी (होमरन मारायची स्पर्धा) तरी आठवा. वडील चेंडू टाकतायत, धाकटा भाऊ मागे कॅचर, आणि हा मारतोय. डर्बी जिंकणारा पहिला कॅचर. तो पुरस्कार न्यूयॉर्कला ठेवा म्हणावं तुमच्याकडे.

लेक_वॉशिंग्टनकर

आता पुढच्या वर्षाबद्दल, कबूल केल्याप्रमाणे. जरा लांबेल.

नेलर राहिला ही सर्वांत मोठी गोष्ट. पाच वर्षं, सव्वानऊ कोटी डॉलर. आमच्या मालकांनी नोव्हेंबरातच खिशात हात घालणं ही मला तरी नवलाची गोष्ट वाटते. नेलर पळायला लीगमधल्या सर्वांत संथ लोकांपैकी, तरी आपल्याकडे आल्यावर १९ बेस चोरले आणि एकदाही पकडला गेला नाही. पिचरच्या सवयी वाचून चोरतो. स्ट्राइकआऊट कमी होतो. आपल्या संघात सगळेच एकतर होमरन नाहीतर स्ट्राइकआऊट, त्यात असा एक माणूस लागतोच.

आता भगदाडं. पोलॅन्को आणि सुआरेझ दोघेही करार संपून मोकळे झालेत. सुआरेझबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये आधी रॅलीनं बरोबरी केली आणि मग यानं बेसेस भरलेल्या असताना चेंडू प्रेक्षकांत टाकला. त्या मैदानावर १९९५नंतर इतका आवाज मी ऐकलेला नाही (१९९५ला तर ते जुनं किंगडोम होतं, छप्पर असलेलं, आवाज आत घुमायचा). पण सिअ‍ॅटलला आल्यापासून त्याची सरासरी .२००च्याही खाली होती, आणि पुढच्या जुलैत तो ३५चा होतो. मी हात जोडून निरोप देईन. पोलॅन्कोला मात्र सोडू नये. २६ होमरन, दोन्ही बाजूंनी बॅटिंग, आणि ऑक्टोबरात स्कूबलला एकाच सामन्यात दोनदा मैदानाबाहेर काढणारा दुसरा कोण आहे? तो बाजारात महाग होणार याची मला भीती आहे.

घरचं धान्य बघायचं तर कोल यंग सेकंड बेसवर आहेच, मेच्या शेवटी आला, पोरगा डोळस आहे पण दुसऱ्या अर्ध्यात दमला. बेन विल्यमसन थर्ड बेसवर, हात सोन्याचे, बॅट अजून लाकडाचीच. आणि सगळ्यांच्या नजरा कोल्ट एमर्सनवर, वय फक्त वीस. पिचिंगमध्ये यंदाच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला केड अँडरसन, डावखुरा, लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा. त्याला घाई करू नये.

पण माझा खरा मुद्दा वेळेचा आहे. क्रॉफर्ड आणि अरोझारेना यांचे करार २०२६ संपला की संपतात. गिल्बर्ट आणि कास्टिओ २०२७पर्यंत. म्हणजे हा जो संच आज एकत्र आहे तो जास्तीत जास्त दोन उन्हाळे. त्यात अ‍ॅस्ट्रोज नऊ वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफबाहेर राहिलेत, रेंजर्स ८१–८१, अ‍ॅथलेटिक्स सॅक्रामेंटोत पाहुणे म्हणून राहतायत, एंजल्सबद्दल न बोललेलं बरं. डिव्हिजन इतकं मोकळं पुन्हा मिळणार नाही. दोन वर्षांपूर्वी डिपोटोंनी ५४ टक्के सामने जिंकण्याचं गणित मांडलं होतं आणि गावभर टीका झाली होती. यंदा आपण साडेपंचावन्न टक्के जिंकलो. गणित बरोबर आलं, आणि वर्ल्ड सिरीज नाही ती नाहीच. आता टक्के पुरे. एक मोठी बॅट आणि एक डावखुरा रिलीव्हर (मधेच येणारा पिचर), एवढं आणलं पाहिजे, आणि त्यासाठी उद्याची चार पोरं द्यावी लागली तर द्यावीत.

आकडेबाज

रिलीव्हरबद्दल शंभर टक्के. डावखुरा स्पायर एकटा किती जणांना पुरणार? टोरांटोनं डावखुऱ्यांची रांग लावली की आपल्याकडे फोन करायला दुसरा भरवशाचा माणूस नव्हता.

आणि द्यायच्या पोरांत हॅरी फोर्ड येतो हे कोणी उघड बोलत नाही. उत्तम कॅचर, वय बावीस, पण पुढे रॅली, ज्याचा सहा वर्षांचा नवा करार मार्चमध्येच झाला. फोर्डला खेळायला मिळणार कधी? त्याला बाकावर कुजवण्यापेक्षा चांगला रिलीव्हर आणलेला बरा. उलट बाजू अशी की रॅलीनं यंदा १५९ सामने खेळले. कॅचरचे गुडघे बघता हे पुन्हा होणं अवघड, तेव्हा दुसरा कॅचर नुसता शोभेचा चालणार नाही.

लेक_वॉशिंग्टनकर

फोर्डला विकायला माझा विरोध. रॅलीला आठवड्यातून दोन दिवस डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करून फोर्डला मागे बसवा. अर्थात माझं कोण ऐकतंय.

टोरांटोचा_तात्या

नेलर आमच्या मिसिसागाचा आहे हं. आमच्या शेजारच्या गावात वाढलेला पोरगा, दुसऱ्या सामन्यात आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध होमरन मारून गेला. आम्ही त्याला घ्यायला हवं होतं, पण आमच्याकडे फर्स्ट बेसवर व्लादी आहे, काय करणार.

वऱ्हाडी_ठसका

पुढच्या वर्षी बॉल-स्ट्राइकचा रिव्ह्यू येऊन राहिला म्हणतात, ते कसं असते? डीआरएससारखं?

आकडेबाज

बरंचसं. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज. बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, तेही लगेच, डोक्याला हात लावून. डगआऊटकडे बघून विचारायचं नाही. स्प्रिंग ट्रेनिंग आणि मायनर लीगमध्ये आधी वापरून झालंय.

आपल्याला याचा फायदा की तोटा हे मला खरंच ठरवता येत नाही. रॅली काठावरचा चेंडू असा अलगद आत घेतो की पंच फसतो, २०२४चा प्लॅटिनम ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) उगाच नाही मिळाला. ते कसब आता थोडं स्वस्त होणार. पण उलट कोणता चेंडू आत होता हे मैदानात त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. चॅलेंज घेणाऱ्या कॅचरांत तो पहिल्या पाचात असेल, लिहून ठेवा.

कडक_चहा

म्हणजे कोहली आणि धोनीतला फरक. एक भावनेनं रिव्ह्यू घेतो, दुसरा घेतला की पंचांनी आधीच बोट खाली करावं. रॅली धोनी निघाला तर मी पण बघायला लागेन.

मेधा_बेलव्ह्यू

बघायला लागण्यावरून, पुढच्या वर्षी टीव्हीवर सामने कसे दिसणार? रूट स्पोर्ट्स बंद होतंय ना?

आकडेबाज

हो, २०२६पासून प्रक्षेपण मेजर लीगच करणार आहे. ज्यांना केबल नको होती त्यांची सोय होईल अशी आशा.

मेधा_बेलव्ह्यू

आणि लेकवरून जाणारी ट्रेन सुरू झाली की बेलव्ह्यूहून स्टेडियमजवळ गाडीविना जाता येईल. पार्किंगचे आकडे बघून मला दरवेळी घेरी येते, आणि पुढच्या जून-जुलैत तर शेजारच्या लुमेन फील्डवर फुटबॉलचा वर्ल्ड कप. त्या दिवसांत तिकडे गाडी नेणाऱ्याला माझा नमस्कार.

पर्वतीकर

जून महिन्यात भाच्याकडे यायचा बेत आहे. एक सामना बघायची इच्छा झाली आहे या धाग्यामुळे. शाकाहारी माणसाला खायला काही मिळतं का तिथे?

वऱ्हाडी_ठसका

मिळते न. फक्त ते मिरचीलिंबू लावलेले भाजके नाकतोडे देतात तिकडं दुरूनच जा. फुटाणे समजून घेतलेले लोक पाह्यले मी.

लेक_वॉशिंग्टनकर

@पर्वतीकर, जरूर या. घरचं खाणं आत नेऊ देतात, ठेपले घेऊन जाणारे कितीतरी आहेत. स्वेटर आणा, जूनमध्येही रात्री गारठा असतो. छप्पर सरकतं पण बाजू उघड्याच, पाऊस थांबतो, वारा नाही. स्टेडियममध्ये ५१ नंबर बघा. इचिरोचा नंबर यंदा ऑगस्टमध्ये निवृत्त केला, हॉल ऑफ फेममध्येही याच वर्षी गेला. त्याच ५१मध्ये खेळलेल्या रँडी जॉन्सनचा मान पुढच्या वर्षी होणार आहे.

एक काळजी तेवढी लिहायची राहिली. खेळाडू आणि मालकांमधला करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. २०२७चा सीझन वेळेवर सुरू होईल याची मला खात्री नाही. म्हणजे माझे दोन उन्हाळे म्हणजे कदाचित एकच. मालकांनी हे लक्षात घेऊन खर्च करावा की हेच कारण देऊन हात आखडता घ्यावा? त्यांचा इतिहास बघता मी पैज लावणार नाही.

आकडेबाज

माझा अंदाज: ९२ विजय, डिव्हिजन पुन्हा आपलं. रॅली ४० होमरन, कोणी ६०ची अपेक्षा ठेवून त्याच्या नावानं बोंबलू नये. वू धडधाकट राहिला तर साय यंगच्या (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) पहिल्या तिघांत. एमर्सन जुलैच्या आत वर.

वऱ्हाडी_ठसका

९५. अन् सातव्या इनिंगमध्ये मुन्योज.

कडक_चहा

आला परत.

टोरांटोचा_तात्या

आमचा संघ तुमच्याकडे येतो तेव्हा ब्रिटिश कोलंबियातून निळे शर्ट घालून निम्मं स्टेडियम आमचंच भरतं, तुम्हाला माहीत आहेच. माझी पुतणी सरेला राहते, ती दरवर्षी मैत्रिणींबरोबर येते. या खेपेस मीही येईन म्हणतो. काका, तिकिटं काढताना आमची दोन धरा. स्प्रिंगरचा शर्ट घालून आलो तर शेजारी बसू द्याल ना?

लेक_वॉशिंग्टनकर

तिकिटं काढतो. शर्टाचं मात्र गेटवर बघू. मेधाताई, तुम्ही किती जण? ठेपले कोण आणणार तेही इथेच लिहा, म्हणजे मागच्यासारखं सगळ्यांनी चिवडाच आणला असं व्हायचं नाही.

मेधा_बेलव्ह्यू

आम्ही पाच, सासूबाई धरून. त्यांना हंपीला बघायचंय, सामना झाला तरी चालेल म्हणतात. ठेपले माझ्याकडे.